नदी खोल केली की पूर थांबतो? कर्ली, गड आणि पाण्याच्या ‘बफर’ची गोष्ट

जुलैमध्ये सिंधुदुर्गातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एकात बांद्याच्या किंवा खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरलेलं असतं. दुसरा असतो उन्हाळ्यातला. नदीच्या पात्रात जेसीबी आणि पोकलेन उतरलेत, गाळाचे डंपर भरतायत, आणि खाली कॅप्शन, ‘नदी पुनरुज्जीवन’. मग कमेंटमध्ये ठरलेलं वाक्य येतं, नदी खोल करा, पूर बंद.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या धंद्यात या वाक्याचं जुळं भावंडं आहे, ‘सर्व्हर स्लो आहे? बँडविड्थ वाढवा.’ कधी ते बरोबर निघतं. पण खूपदा अडथळा पाइपच्या रुंदीत नसतोच. तो शेवटच्या टोकाला असतो, नाहीतर मधला बफर कोणीतरी काढून टाकलेला असतो. आपल्या नद्यांचं नेमकं हेच झालंय, म्हणून आज ॲप-गॅजेट बाजूला ठेवून नदी समजून घेऊ. गणित दहावीच्या पुढे जाणार नाही.

आधी लोड किती आहे ते बघू

सह्याद्रीच्या कड्यापासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत सरळ अंतर जेमतेम ४० ते ५० किलोमीटर. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गोदावरीला समुद्र गाठायला अर्धा भारत ओलांडावा लागतो. आपल्या कर्लीला, जिला कुडाळात भंगसाळ म्हणतात, किंवा कणकवलीवरून येणाऱ्या गडनदीला तेवढी सवड नाही. घाटात रात्री कोसळलं की सकाळी खाली पाणी चढलेलं.

एका चौरस किलोमीटरवर दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं? दोन लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर. दहा हजार लिटरचे २० हजार टँकर. आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. समजा एखाद्या नदीचं पाणलोट क्षेत्र १०० चौरस किलोमीटर आहे आणि जमीन आधीच भिजून तृप्त झालीय, त्यामुळे जवळपास सगळं पाणी वाहून येतंय. दिवसभराची सरासरी निघते सेकंदाला सुमारे २३० घनमीटर. पण पाऊस सरासरीने पडत नाही. तीन तासांत धो धो, मग उघडीप. त्यामुळे सर्वात जास्त पाण्याचा क्षण, ज्याला आपण ‘पीक’ म्हणू, तो सरासरीच्या कितीतरी वर जातो. तत्काळ तिकिटांसाठी सगळ्यांनी एकाच मिनिटाला लॉगिन करावं, तसं.

पूर येतो तो या पीकमुळे. वर्षभराच्या एकूण पाण्यामुळे नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

शेवटचा राउटर म्हणजे समुद्र

आमच्या वाडीत एक आबा आहेत. नेरूरपारच्या बाजूला आयुष्यभर होडी चालवली. त्यांना मी एकदा विचारलं, “आबा, खाडीतलो गाळ काढलो तर पाणी लवकर उतरात ना?”

“अरे झिला, उतारतला खंय? थय दर्याक भरती इली आसा.”

आबांनी एका ओळीत हायड्रॉलिक्सचा एक धडा सांगितला. डोंगरातल्या उतारावर नदी तळाच्या उताराने धावते. पण किनाऱ्याजवळच्या सपाट पट्ट्यात पाण्याचा वेग तळ ठरवत नाही, पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार ठरवतो. वरच्या गावातली पातळी आणि समुद्राची पातळी यांतला फरक जितका, तितकं पाणी ओढलं जातं. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला समुद्र वर आलेला असताना पीक येऊन धडकला, तर त्या काही तासांपुरतं खाडीचं तोंड जवळजवळ तुंबतं.

अशा जागी तळ आणखी दोन मीटर खणला तर काय होईल? समुद्राच्या पातळीखालचा तो खड्डा समुद्राच्याच पाण्याने आधीपासून भरलेला राहणार. पुराच्या दिवशी पाणी साठवायला त्यात जागा शिल्लक नसते. पात्र मोठं झाल्यामुळे वाहायला थोडी मदत होते, हे खरं. पण सोबत बिल येतं. उन्हाळ्यात खारं पाणी आणखी आतपर्यंत चढतं, काठच्या विहिरी मचूळ होतात, आणि पायथा पोखरल्यामुळे काठ ढासळतो.

वाळूचंही तसंच. डोंगरातून येणारी वाळू नदीच किनाऱ्याला पुरवते. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. गडनदीच्या मुखाशी तळाशील-तोंडवळीची पट्टी तशीच. वर वाळू उपसत राहायचं आणि खाली समुद्र आत आला म्हणून दगडांची भिंत मागायची, ही एकाच खात्यातून दोनदा पैसे काढण्याची कल्पना आहे. लाटांचा, वाऱ्याचा हात असतोच, पण पुरवठा तोडून धूप थांबत नाही.

मग चिपळूणमध्ये गाळ का काढला?

प्रश्न बरोबर आहे. कोकणातलं सर्वात मोठं उदाहरण शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीने चिपळूण बुडवलं. त्याआधी २६ जुलै २००५ लाही बुडवलं होतं. वाशिष्ठी ही साधी नदी राहिलेली नाही. कोयनेचं पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं, कोळकेवाडी धरणातून पुढे येऊन वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी कोकणातली नदी वाहून नेते. खाली गोवळकोटच्या बाजूला भरतीचं पाणी येतं. वरून धरणाची यंत्रणा, खालून समुद्र, मधे शहर. त्या दिवशी कोळकेवाडीतून किती पाणी सुटलं यावर मोठा वाद झाला.

नंतर चिपळूणकर गाळ काढण्याच्या मागणीसाठी उपोषणाला बसले आणि सरकारला हलावं लागलं. जलसंपदा विभाग आणि नाम फाउंडेशन यांच्या कामातून लाखो घनमीटर गाळ निघाला. माझ्या मते ती मागणी योग्य होती. शहराजवळच्या पात्रात गाळाची बेटं तयार झाली होती, त्यांवर झाडं वाढली होती, पाण्याची वाट अरुंद झाली होती. असा स्पष्ट अडथळा असेल, पुलाच्या कमानी बुजल्या असतील, मोरी तुंबली असेल, तर गाळ काढायलाच हवा. बँडविड्थ खरंच कमी असेल तर ती वाढवा.

पण दरवर्षी डोंगरातून नवा गाळ येतो. उतार उघडे पडले की जास्त येतो. म्हणजे हे सबस्क्रिप्शन आहे, एकदाच घ्यायचं लायसन्स नाही. आणि चिपळूणमध्ये जे चाललं ते उचलून खाडीच्या मुखाशी चालेलच असं नाही, कारण आबांनी सांगितलंच आहे.

बफर कुठे गेला?

आता मुख्य मुद्दा. समजा खालचं गाव सेकंदाला ३०० घनमीटर पाणी बिनधास्त पुढे जाऊ देतं. पीक आला ४०० चा आणि तो दोन तास टिकला. जास्तीचं पाणी किती? सेकंदाला १०० घनमीटर, दोन तास म्हणजे ७२०० सेकंद. गुणाकार ७ लाख २० हजार घनमीटर. हेक्टरभर जमिनीवर मीटरभर पाणी उभं राहिलं तर १० हजार घनमीटर मावतं. म्हणजे ७२ हेक्टर सखल जमीन दोन-तीन तास पाण्याखाली गेली की बाजारपेठ वाचली.

नदीचं सगळं पाणी कुठे साठवायची गरज नाही, फक्त पीकचं टोक कापायचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रिक्वेस्ट रांगेत धरून ठेवतो, लोड उतरला की सोडतो. नदीकडे ही रांग जन्मापासून होती. काठचे मळे, खाडीलगतची खाजणं, कांदळवन. पाणी चढलं की आडवं पसरायचं, उतरलं की परत यायचं. त्या मळ्यांत भराव टाकून आपण प्लॉट पाडले, रस्त्याचे बंधारे आडवे घातले, काठाला सरळ भिंती उभ्या केल्या. भिंतीने आपलं घर वाचतं, पण पाणी नाहीसं होत नाही. ते भिंत नसलेल्या पुढच्या वाडीत जातं, आणि आधीपेक्षा लवकर जातं.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून झालाय. फ्लोरिडातली किसिमी नदी १६६ किलोमीटर वळणं घेत जायची. १९६२ ते १९७१ या काळात पूर रोखण्यासाठी तिचा सरळ कालवा केला, लांबी उरली ९० किलोमीटर. पूरमैदान कोरडं पडलं, हिवाळ्यात येणारी पाणबदकं ९० टक्क्यांहून जास्त घटली. मग त्याच सरकारने, त्याच इंजिनियर खात्याकडून, कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटर भाग परत बुजवून नदीला जुन्या वळणांत सोडलं. काम २०२१ मध्ये पुरं झालं. खणायला जितका वेळ लागला त्याहून बराच जास्त वेळ बुजवायला लागला.

नेदरलँड्सने धडा वेगळा घेतला. जानेवारी १९९५ मध्ये तिथे पुराच्या भीतीने अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. तोवर दर पुरानंतर बांध आणखी उंच करायचे, ही पद्धत होती. नंतर ‘नदीला जागा’ नावाचा कार्यक्रम आला आणि ३० हून जास्त ठिकाणी उलटं काम झालं. नायमेखन शहरासमोर बांध ३५० मीटर मागे नेला, नदीला जोडपात्र खणलं, आणि मोठ्या पुरात पाण्याची पातळी सुमारे ३५ सेंटीमीटरने उतरेल अशी सोय केली. त्यासाठी काही घरं पाडावी लागली. काही शेतकरी उंचवट्यावर नवं घर-गोठा बांधून राहिले, काही उठून गेले. मोबदला मिळाला तरी गाव सोडणं सोपं नसतं, हे तिथेही खरं होतं.

आपल्याकडे ७२ हेक्टर हा आकडा कागदावर छोटा दिसतो. पण कोकणात सात-बाऱ्यावर एकाच गुंठ्याला दहा नावं. एकाची शेती बुडवून दुसऱ्याचं दुकान वाचवायचं तर त्या शेतकऱ्याला पैसे कोण देणार, आणि पूर यायच्या आधी लिहून कोण देणार, हा खरा प्रश्न. भातापुरता थोडा दिलासा आहे. २००९ मध्ये आलेली ‘स्वर्णा सब-१’ ही जात साधारण दोन आठवडे गोड्या पाण्याखाली तग धरते. दोन-तीन तासांच्या पुराने बहुतेक उभं भात मरत नाही. तिथला बंगला मात्र बुडतो. म्हणून मळ्यात शेती राहिली तर बफर राहतो, भराव पडला की बफर कायमचा डिलीट.

उघाडी, आपल्या आजोबांचा डायोड

खाडीकाठच्या गावात खारबंधारे बघितले असतील. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध आणि त्यात एक दार, उघाडी. दाराचं पान एकाच बाजूला उघडतं. भरतीला समुद्राचं पाणी त्याला बाहेरून दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. वीज नाही, सेन्सर नाही, ऑपरेटर नाही. गोव्यात खाजनांच्या अशाच दाराला मानस म्हणतात, आणि तिथे दाराशी मासे धरायचाही हक्क ठरलेला असायचा.

उघाडी नीट असेल तर भरतीच्या तासांत वरून आलेलं पाणी बंधाऱ्याआड थांबतं आणि ओहोटीला निघतं. हाच आपला बफर, तोही आपोआप चालणारा. पान मोडलं तर खारं पाणी आत, गाळाने अडकलं तर पावसाचं पाणी आत. महाराष्ट्रात खारभूमी विकासासाठी १९७९ चा कायदा आहे, पण शेती सुटलेल्या गावात उघाडीकडे कोण बघणार? नवी भिंत मागण्याआधी उघाडीचं पान दुरुस्त करा, ते खूप स्वस्त पडतं. जिथे शेती कायमची सुटलीय आणि कांदळ-तिवर आपणहून उगवलंय, तिथे भरतीला थोडं आत येऊ देणं जास्त शहाणपणाचं. कांदळवनाच्या मुळांत पिल्लं वाढतात, काठ धरून राहतो. काळावलीच्या खाडीत खोत जुवा, पाणखोल जुवा या बेटांकडे जाताना काठ बघा. कांदळ असलेला आणि नसलेला काठ लांबूनही वेगळा ओळखू येतो.

चढणीचे मासे कुठे अडले?

पूर आणि मासे हे दोन वेगळे विषय वाटतात, पण नदीला ते एकच आहेत. मृगाच्या पहिल्या पावसात व्हाळांना पाणी आलं की मासे उलटे वर चढतात. मळये, खवळे, शेंगटी. पसरलेल्या उथळ पाण्यात, शेतांच्या कडेला अंडी घालतात. म्हणजे आपण ज्याला ‘पुराचं पाणी शेतात घुसलं’ म्हणतो, ते त्यांचं प्रसूतिगृह. नदीची काठाशी जोडणी तोडली की बफरही जातो आणि मासाही.

दुसरा अडथळा आडवा. कोल्हापुरी बंधाऱ्यात पाणी अडवायला बरगे घालतात, ते पावसाआधी काढायचे असतात. उशीर झाला तर दोन गोष्टी एकदम होतात, मागे पाणी फुगतं आणि चढणीचा मासा भिंतीला डोकं आपटतो. बरगे वेळेत काढले तरी बंधाऱ्याखालची काँक्रीटची पायरी मीटरभर उंच असेल तर लहान मासा उडी मारू शकत नाही. यावर उपाय साधा आहे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मोठे दगड रचून लांब उतार करायचा, दर मीटर उंचीला २० ते ३० मीटर लांबीचा. पाणी दगडांमधून वळत उतरतं, मासा थांबत थांबत चढतो. सिंचनाचं पाणी कमी होत नाही.

मोठ्या धरणांत काम आहे ते वेळेचं. दोडामार्गातलं तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोव्याचं एकत्र. तीच नदी खाली गोव्यात शापोरा होते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिलारीचं पाणी सुटल्यावर खालच्या गावांना त्याचा फटका बसला. धरण काठोकाठ भरेपर्यंत थांबून मग एकदम दारं उघडणं म्हणजे सर्व्हर पडेपर्यंत वाट बघणं. हवामानाचा अंदाज बघून दोन दिवस आधी थोडं थोडं सोडलं, तर त्याच धरणाचा बफर होतो. भरलेलं धरण पुराला काहीच मदत करू शकत नाही.

फ्लॅट घेण्याआधी हे वाचा

नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. ‘१०० वर्षांतून एकदा’ ऐकून बिल्डर म्हणतो, मग काय, नातवाने बघावं. गणित तसं नाही. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या होमलोनमध्ये किमान एकदा पाणी येण्याची शक्यता १ वजा ०.९९ चा ३० वा घात, म्हणजे २६ टक्के. निळ्या रेषेच्या कडेला दरवर्षी ४ टक्के, ३० वर्षांत ७० टक्क्यांच्या वर. आणि ही रेषा जुन्या पावसाच्या आकड्यांवर काढलेली असते. मधल्या काळात वरच्या मळ्यांत भराव पडला असेल तर रेषा तिथेच राहते, पाणी राहत नाही.

तुमच्या फोनवर काय बघता येतं

केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप २०२३ पासून आहे, त्यात नदीच्या पातळीचे आकडे आणि अंदाज मिळतात. आपल्या छोट्या नद्यांसाठी मात्र त्यावर विसंबून राहू नका. घाटातला पाऊस आणि भरतीची वेळ, या दोन गोष्टी एकत्र बघायची सवय लावा.

जास्त मजा सॅटेलाइट फोटोंमध्ये आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो ‘कोपर्निकस ब्राउझर’ या वेबसाइटवर फुकट आहेत. १० मीटरचा एक पिक्सेल, साधारण दर पाच दिवसांनी नवा फोटो, २०१५ पासूनचे. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा सेंटिनेल-१ निवडा. तो रडार आहे, ढगांतून बघतो. शांत पाणी रडारचा सिग्नल आरशासारखा दुसरीकडे फेकतं, उपग्रहाकडे काही परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पुराच्या दिवसाचा फोटो मिळाला तर कुठलं शेत बुडालं ते काळ्या डागात कळतं.

मी देवबागच्या संगमाचे डिसेंबरचे फोटो एकापुढे एक लावून बघितले. वाळूचा पट्टा दरवर्षी जागा बदलतो. पर्यटक ज्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून ओळखतात तो याच फिरत्या वाळूचा भाग. मग तोच स्लायडर कुडाळच्या आणि कणकवलीच्या नदीकाठावर फिरवला. हिरवे चौकोन तांबडे होतात, मग राखाडी. तांबडा रंग भरावाचा, राखाडी काँक्रीटचा.

तुमच्या गावचा मळा असाच शोधा आणि तारखांसह स्क्रीनशॉट ठेवा. ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव आला की तीन गोष्टी विचारा. ज्या जागी खणणार ती भरतीच्या पट्ट्यात आहे का? काढलेला गाळ कुठे टाकणार? आणि गावच्या बंधाऱ्याचे बरगे गेल्या वर्षी कोणत्या तारखेला निघाले? दुसऱ्याचं उत्तर नीट ऐका, कारण तो गाळ अनेकदा शेजारच्याच मळ्यात भराव म्हणून जातो.